पाळणा उतरवायचा नाही

लिफ्टचं दार उघडलं आणि समोर पॅसेजमध्ये दोन काळ्या पिशव्या दिसल्या. कचऱ्याच्या, मोठ्या, तोंडं सुतळीने करकचून आवळलेल्या. त्यातली एक कोपऱ्यात फाटली होती आणि फटीतून हिरव्या सुती साडीचा तुकडा डोकावत होता. त्यावर बारीक हातशिलाईच्या रांगा. गोधडी. कुणीतरी निवांत बसून, मन लावून शिवलेली.

आतून दोन बायकांचे आवाज येत होते. एक चढलेला, एक दाबलेला. मी बेल वाजवली. दोन्ही आवाज एकदम बंद. ही शांतता माझ्या चांगली ओळखीची आहे. ज्या घरात ढेकूण झालेत त्या घरात बेल वाजली की अशीच शांतता होते.

दार सावंत काकूंनी उघडलं. साठीच्या, ताठ, इस्त्रीचा गाऊन, त्यावर ओढणी. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"पेस्ट कंट्रोल ना? माणूस खाली आहे का?"

"माणूस आलाय," मी म्हटलं. "मीच."

"अच्छा. मग या. आणि आधी मला एवढंच सांगा, त्या बाहेरच्या पिशव्या जाळायच्या की नुसत्या फेकायच्या?"

"आधी बघते ना."

"बघायचं काय त्यात! तुम्ही फक्त तिच्यासमोर सांगा की हे माहेरच्या सामानातून आलंय. फवारणी वगैरे नंतर."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला फवारणीला बोलावलेलंच नव्हतं. साक्षीला बोलावलं होतं.

माझा धंदा असा आहे. वागळे इस्टेटमध्ये माझा एक गाळा आहे, त्यात पंप, स्टीम मशीन आणि औषधांचे डबे. बी.एस्सी.ला झूऑलॉजी घेतलं तेव्हा मला वाघांवर काम करायचं होतं. झालं ढेकणांवर. तक्रार नाही. वाघ घरोघरी सापडत नाहीत. ठाण्यापासून कल्याणपर्यंत मी इतक्या लोकांच्या गाद्या उलट्या केल्यात की रस्त्यात भेटलेले निम्मे लोक मला ओळख देत नाहीत. मीही देत नाही. त्यांच्या बेडखाली काय होतं ते मला माहीत असतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत असतं.

शिवाय एक गंमत सांगते. आपला माणूस फोनवर ढेकूण हा शब्द उच्चारत नाही. 'काहीतरी चावतंय' म्हणतो. 'मुंग्या झाल्यात' म्हणतो. एका गृहस्थांनी तर 'ते' एवढंच म्हटलं होतं आणि बाकीचं मी ओळखावं अशी अपेक्षा ठेवली होती. सावंत काकू फोनवर 'डास' म्हणाल्या होत्या. आणि जाता जाता, "तुमची ती नाव लिहिलेली गाडी गेटबाहेरच लावा हं." डासांसाठी कुणी गाडी लपवायला सांगत नाही. मी स्टीम मशीन घेऊनच निघाले होते.

तर डोंबिवली पश्चिमेचं हे घर. दोन बेडरूमचा फ्लॅट, खिडकीतून लांबवर खाडी. हॉलमध्ये काकूंचा मुलगा अमेय कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसलेला. त्याने माझ्याकडे पाहून हात जोडले आणि आईकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. "आई, हळू. मी म्यूटवर आहे, पण कधीही बोलायला लागेल."

"तू बोलतच नाहीस, हीच तर अडचण आहे," आतल्या खोलीतून आवाज आला.

ती प्रणाली. काकूंची सून, पहिलटकरीण. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली मुलगी. बाळंतपणाला माहेरी गेली होती, बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर परत आली. येताना आईने शिवलेल्या गोधड्या आणि दुपट्यांचं गाठोडं आणलं होतं. आता ती बेडवर बसून बॅग भरत होती. मांडीवर बाळ. रियांश नाव. गाल फुगीर, डोळे टपोरे आणि उजव्या दंडावर चावल्याच्या लाल गांधी उठलेल्या.

"मॅडम, तुम्हाला काय सांगायचं ते सांगा," ती म्हणाली. "पण माझ्या आईच्या गोधड्या कचऱ्यात गेल्या, तर मी रियांशला घेऊन चाललेय. आईला फोन केलेलाय. ती निघालीय तिकडून. परत कधी येणार ते मला विचारू नका."

"बघा, बघा भाषा," काकू मला म्हणाल्या.

"भाषा ऐकू नका, मॅडम. बाळाचा हात बघा."

मी बाळाचा हात बघितला. डॉक्टरांनी आधी घामोळं म्हटलं होतं, मग डास. डास कुठेही चावतो, त्याला शिस्त नसते. ढेकूण मात्र चालत चालत चावतो. इथे एक, पुढे एक, त्याच्या पुढे एक. त्यामुळे गांधी बऱ्याचदा रांगेत उठतात. रियांशच्या दंडावर तशी रांग होती. पण नुसत्या गांधींवरून मी कधीच निकाल देत नाही. ढेकूण समोर दिसला पाहिजे, निदान त्याची खूण तरी.

काकूंचा निकाल मात्र तयार होता. त्यांनी बोटांवर मोजत मला पटवायला घेतलं. हिला उठतं, बाळाला उठतं. अमेय त्याच बेडवर झोपतो, त्याला एक गांध नाही. मी शेजारच्या खोलीत, मला नाही. म्हणजे हिच्या आणि बाळाच्याच सामानात आहेत. सामान कुठून आलं? माहेरून. ही यायच्या आधी या घरात ढेकूण कधी कुणी पाहिला नाही.

वकिलाने मान डोलवावी असा युक्तिवाद होता. फक्त चुकीचा होता.

"काकू, ढेकूण चावतो सगळ्यांना, उठतं काहींनाच," मी म्हटलं. "अमेयलाही चावत असतील. त्याच्या अंगाला पत्ता नाही एवढंच."

"मला?" अमेयने हेडफोन काढला. तेवढं मात्र त्याला ऐकू गेलं.

मी कामाला लागले. पहिल्यांदा गोधड्या. प्रणालीकडून एक पांढरी चादर मागितली, पॅसेजमध्ये अंथरली आणि पिशव्या सोडल्या. समोरच्या फ्लॅटचं दार किंचित उघडलं आणि तसंच राहिलं. काकू कुजबुजल्या, "आत करा ना हे." मी म्हटलं, "आतलं बाहेर आणि बाहेरचं आत, हेच करायचं नसतं." खरं सांगायचं तर त्या दाराला थोडं बघू द्यावं असं मला वाटत होतं. पिशव्या बांधताना त्याने बघितलंच होतं.

ढेकणांना गोधडी फार आवडायला हवी. शिवणीच्या रांगा, घड्या, किनारी, लपायला जागाच जागा. मी एकेक शिवण बोटाने ताणून, टॉर्च मारून बघितली. ढेकूण रक्त पिऊन लपतो आणि लपतो तिथेच घाण करतो. बॉलपेनचं टोक टेकवून ठेवावं तसे बारीक काळे ठिपके पडतात. ओला कापूस फिरवला की तांबूस पसरतात. कापड धुतलं तरी त्याचा पुसट डाग मागे राहतो. शिवाय त्याची टाकलेली सालं असतात, तिळाच्या फोलपटासारखी. खसखशीहून थोडी मोठी, पांढरी अंडी असतात, चिकटवल्यासारखी. गोधड्यांमध्ये यातलं काहीही नव्हतं. साबणाचा आणि उन्हाचा वास होता, आणि खाडीकाठच्या घराचा थोडा खारट.

"धुतल्या असतील," काकू म्हणाल्या.

"धुतल्याच आहेत. पण डागही नाहीत."

काकूंनी ओठ मुडपले. मी आत आले आणि बेडकडे वळले. गादीची शिवण, उशाकडच्या फळीचे सांधे, स्क्रूची भोकं. आणि ते सापडले. गादीच्या पायपिंगमध्ये, म्हणजे कडेच्या त्या गोल शिवणीत, दोन पिल्लं आणि एक मोठा. चपटा, लालसर तपकिरी, सफरचंदाच्या बीसारखा. मी चिकटपट्टीवर उचलून दाखवला. काकूंनी डोळे मिटले. प्रणालीने बाळाला छातीशी घेतलं.

पण मला एक गोष्ट खटकत होती. ठिपके फार थोडे होते, आणि ताजे. सालं तर जवळजवळ नव्हतीच. ही वस्ती नवी होती. ढेकूण इथे राहायला आलेले होते, पण मूळचे इथले नव्हते. आणि गादीवरही ते एकाच बाजूला होते. प्रणालीच्या बाजूला. त्या बाजूला बेडला जवळजवळ खेटून काय होतं?

पाळणा.

काय पाळणा होता! लाकडी, लाखेच्या रंगांचा, कोकणातल्या कारागिराने घडवलेला. लाल, पिवळे, हिरवे कातीव दांडे. वर मोरांची जोडी. छताच्या हुकाला साखळ्यांनी बांधलेला, बांधताना लावलेलं हळदीकुंकू अजून दांड्यावर. मी हात पुढे केला आणि काकूंनी माझं मनगट धरलं.

"पाळण्याला नको."

"काकू, नुसतं बघते."

"एकदा बांधला की मूल त्यातून उतरेपर्यंत उतरवायचा नाही. हलवायचा नाही. रिकामा झुलवायचाही नाही. आमच्यात तशी पद्धत आहे. सावंतांची पोरं याच पाळण्यात वाढलीत. अमेयचे बाबा यात, अमेय यात. यातलं एक पोर आजारी म्हणून पडलेलं नाही." त्यांनी भिंतीकडे बघितलं. सावंत काका आता नव्हते, भिंतीवर होते. "आणि यात कुठून येणार ढेकूण? रियांश यायच्या आधी कितीतरी दिवस हा रिकामाच होता. देवाच्या वस्तूसारखा जपलाय."

आता इथे दोन प्रकार असतात. माझ्या धंद्यातले काही लोक म्हणतील, अंधश्रद्धा आहे, बाजूला व्हा. मी तसं म्हणत नाही. एक तर ते घर त्यांचं असतं. आणि दुसरं म्हणजे, ज्या वस्तूला घरात कुणी हात लावत नाही ती वस्तू माझ्यासाठी सोन्याची असते. गाद्या उन्हात पडतात, चादरी धुतल्या जातात, ट्रंका उपसल्या जातात. न हलणारं तेवढं राहतं. ढेकणांनाही हे पक्कं कळतं.

"नाही उतरवत," मी म्हटलं. "हलवत पण नाही. प्रणाली, तुझ्याकडे हेअर ड्रायर आहे?"

"काय?"

"केस वाळवायचा."

काकूंना वाटलं, बाई वेडी आहे. प्रणालीने कपाटातून गुलाबी ड्रायर काढून दिला. मी रियांशचं एक पांढरं दुपटं पाळण्याच्या बरोबर खाली जमिनीवर पसरलं, बाह्या सरसावल्या, दोघींना दोन बाजूंना उभं केलं. मान्य आहे, थोडं नाटक केलं. दिवे घालवायचाही विचार होता, पण मग दिसलं नसतं. ड्रायर गरम करून, वारा हळू ठेवून, मी त्याचं तोंड एका कातीव दांड्याच्या सांध्याशी धरलं. ढेकणाला ऊब आवडते, पण पार्श्वभागाशी विस्तव लागला की तो घर सोडतो.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. काकूंच्या चेहऱ्यावर विजय उमटायला लागला.

मग सांध्यातून एक पिल्लू बाहेर आलं. जरा थबकलं. मागून दुसरं. मग एक टपोरा, पोट भरलेला. मग गणपतीच्या मिरवणुकीला गल्लीतून माणसं बाहेर पडावीत तशी रांगच लागली. मोरांच्या खालून, साखळीच्या कड्यातून, दांड्याच्या भोकातून. काही दुपट्यावर टपटप पडले. मी चिमट्याने त्या सांध्यातली खपली उचकटली, तर आतून सालांचा चुराच खाली सांडला. मूठभर नाही, पण चिमूटभरही नाही. आणि लाखेच्या आड लाकूड काळं पडलेलं. ठिपक्यावर ठिपका, त्यावर ठिपका.

ड्रायर तेवढा गुणगुणत होता.

"काकू," मी तो बंद करून म्हटलं, "गादीतले आत्ताचे आहेत. यातले जुने आहेत. एवढी सालं काही आठवड्यांत साचत नाहीत. प्रणाली माहेराहून आली त्याच्या कितीतरी आधीपासून हे यात राहतायत. यात कुणी झोपत नव्हतं हे खरं. पण ढेकूण महिनोन्महिने उपाशी राहतो, आणि पाळणा जिथे ठेवला होता तिथे जवळपास कुणीतरी झोपत असणार. कुठे होता हा?"

काकू बेडच्या कडेवर बसायला गेल्या, मग आठवण होऊन उठल्या. उत्तर प्रणालीने दिलं.

"आत्यांकडे. ठाण्याला. त्यांच्या नातवासाठी नेलेला. मग त्यांच्या दिवाणात ठेवलेला. रियांशसाठी परत मागवला."

आत्या म्हणजे सावंत काकांची मोठी बहीण. काकूंच्या मोठ्या वन्सं. काकूंच्या चेहऱ्याचा रंग पार उतरला. मघापासून ही बाई सुनेशी, माझ्याशी, शेजारच्या दाराशी ताठ मानेने लढत होती. 'आत्यांकडे' हा शब्द ऐकला आणि एकदम नवी नवरी झाली.

"हे वन्संना कळता कामा नये," त्या म्हणाल्या. "मॅडम, तुम्ही सांगा की सोसायटीतून आले. पाइपातून येतात ना? कुरिअरच्या खोक्यातून येतात. काहीही सांगा."

"का?" प्रणाली म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "माझ्या आईच्या गोधड्या अख्ख्या मजल्याने बघितल्या. आत्यांचा पाळणा मात्र कुणी बघायचा नाही?"

मी गप्प राहिले. खरं म्हणजे माझा एक नियम आहे. ढेकूण कुठे आहेत ते मी सांगते, कुठून आले ते सांगत नाही. कारण हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, नाव हवं असतं. कामवालीचं, भाडेकरूचं, पाहुण्याचं. नाव मिळालं की माणसाला हायसं वाटतं. ढेकणांना काहीच वाटत नाही. पण त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की गप्प बसण्याचाही एक पक्ष असतो. मी तोंड उघडलं नाही तर पिशव्या पॅसेजमध्येच राहणार होत्या.

"काकू, कुठून आले ते मी कुणाला सांगणार नाही," मी म्हटलं. "पण कुठून आले नाहीत, ते मी लेखी द्यायला तयार आहे."

तेवढ्यात बेल वाजली.

प्रणालीची आई. तारामावशी. सावळी, उंच, केसात अबोलीची वेणी, हातात प्लास्टिकची बास्केट. दारातच उभ्या. त्या आत बघत नव्हत्या, खाली पॅसेजमधल्या पांढऱ्या चादरीकडे आणि तिच्यावर पसरलेल्या आपल्या गोधड्यांकडे बघत होत्या. बाजूला सुटलेल्या काळ्या पिशव्या.

"या गोधऱ्या बाहेर कनाला?" त्यांनी विचारलं. कोळीवाड्याची बोली, कनाला म्हणजे कशाला. शांत आवाज. तो शांत आवाज फार वाईट होता.

अमेयने हेडफोन काढून ठेवला. मला वाटतं, त्या दिवसातली ती त्याची सर्वांत धाडसी कृती होती. पण तो काही बोलायच्या आत काकू पुढे झाल्या. त्या काय म्हणणार याची आम्ही सगळेच वाट बघत होतो, समोरच्या दारासकट. त्या खाली वाकल्या, हिरवी गोधडी उचलली, झटकली, चौघडी केली आणि छातीशी धरून घरात यायला निघाल्या.

आणि मला ओरडावं लागलं. "काकू, आत नको!"

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच ती पिशवी बांधली होती. पण काय करू? गोधड्या स्वच्छ होत्या हे खरं, म्हणूनच त्या ढेकणांच्या खोलीत परत न्यायच्या नव्हत्या. असा सुंदर क्षण मी पेस्ट कंट्रोलच्या नियमाखातर मोडला. आयुष्यात काही पापं व्यवसायामुळे होतात.

"उकळत्या पाण्यातून काढा," मी म्हटलं. "कडक उन्हात वाळवा. मग नव्या पिशवीत बांधून ठेवा, खोली साफ होईपर्यंत."

"मी काढते," काकू म्हणाल्या. विहिणीकडे न बघता. "माझ्या हाताने काढते."

तारामावशींनी माझ्याकडे बघितलं, मग लेकीच्या भरलेल्या बॅगकडे. "चल, पोरी. आपले घरा जाव."

प्रणाली उठली. आणि मला दुसऱ्यांदा मध्ये पडावं लागलं.

"मावशी, आज हिला नेऊ नका. या बॅगेत, हिच्या कपड्यांत एखादी अंड्यांनी भरलेली मादी असेल ना, तर ती तुमच्या घरी उतरेल. आज तुमचं घर स्वच्छ आहे. उद्या नसेल. मग आज जे खोटं बोललं गेलं, ते खरं होईल."

प्रणाली खाली बसली. तारामावशींनी थोडा विचार केला आणि हातातली बास्केट जमिनीवर ठेवली.

"मंग मीच राहते इकरं. सोकऱ्याला निजवायचा कुठं, ते सांगा."

सोकरा म्हणजे मुलगा, रियांश. प्रश्न बरोबर होता. तान्ह्या बाळाभोवती मी औषध मारत नाही. त्याला हॉलमध्ये हलवायचं होतं, आणि पाळणा तर गावभर ढेकूण घेऊन टांगलेला. मी म्हटलं, सांधा नाही, भेग नाही, शिवण नाही असं काहीतरी हवं. रोज उकळता येईल असं.

"झोली," तारामावशी म्हणाल्या.

काकूंच्या कपाळावर एक आठी उमटली. नंतर प्रणालीने मला सांगितलं की घरी परतल्यावर तिने झोळी बांधायची म्हटली होती, आणि काकू म्हणाल्या होत्या, "आमच्यात झोळी नसते, पाळणा असतो." पण झोळीकडे माझ्या डोळ्यांनी बघा. एक सुती साडी, एक लोखंडी हुक. लपायला जागा शून्य. ढेकणाला यायचं असेल तर भिंत चढून, छतावरून उलटं चालत, हुकावरून खाली यावं लागेल. मी मनापासून म्हटलं, "याहून चांगलं काही नाही."

काकूंनी पाळण्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "पण तो उतरवायचा नाही ना. मूल त्यातून उतरल्याशिवाय."

तारामावशी हसल्या. त्या घरात पाऊल टाकल्यापासून पहिल्यांदा. "सोकरा झोलीन निजला, म्हंजे पालन्यातून उतरलाच कनी! तुमी उतरवा त्याला. आजीचा मान हाय."

मी झूऑलॉजी शिकलेली बाई. पण असं कायदेशीर उत्तर मला सुचलं नसतं.

काकूंनी हॉलमधला एक हुक दाखवला. तारामावशींनी बास्केटमधली स्वतःची धुतलेली सुती साडी काढली, मी ती इस्त्रीने दोन्ही बाजूंनी तापवून घेतली, आणि त्यांनी सराईत हाताने गाठ मारली. काकूंनी देवघरातलं कुंकू आणून पाळण्याच्या दांड्याला बोट लावलं, पुटपुटल्या काहीतरी, बाळाला प्रणालीच्या हातून घेतलं आणि विहिणीने उघडून धरलेल्या झोळीत ठेवलं. रियांश दोघींकडे आळीपाळीने बघून मोठ्याने शिंकला. समोरचं दार आता पूर्ण उघडलं होतं आणि त्यातल्या बाई डोळे पुसत होत्या. त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक. बहुधा बारसं.

मग मी माझं काम केलं. बेड सुटा केला, सांध्यांतून वाफ फिरवली, लागेल तिथेच आणि तेवढंच औषध मारलं. खोलीचं दार लावून ठेवलं. औषधाने अंडी मरत नाहीत, म्हणून आम्ही थोड्या दिवसांनी परत येतो आणि नंतर आणखी एकदा. लोक इथेच चुकतात. पहिल्या खेपेनंतर चावणं थांबतं, मग फोन उचलत नाहीत. काकूंनी दोन्ही वेळा उचलला.

पाळणा गच्चीवर नेऊन सुटा केला. तिथे मी काकूंना स्पष्ट सांगितलं, "वाफ दिली तर ढेकूण जातील, पण लाखेचा रंगही जाईल. मोर राहतील, पण पांढरे पडतील." त्या म्हणाल्या, "द्या." मी वाफ दिली. लाल, पिवळा, हिरवा, सगळं एकमेकांत मिसळून ओघळलं. काकू शेवटपर्यंत उन्हात उभ्या होत्या. खाली तारामावशी काकूंच्या स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात गोधड्या ढवळत होत्या. काकूंनी उकळून काढायचं कबूल केलं होतं खरं, पण तारामावशींना कुणाच्या हाती ढवळणं देववत नव्हतं.

शेवटच्या खेपेला गेले तेव्हा ढेकूण नव्हते, डागही नव्हते. तारामावशी आपल्या घरी गेल्या होत्या. बेडवर हिरवी गोधडी होती. झोळी मात्र हुकावर तशीच होती. काकू म्हणाल्या, त्याला आता त्यातच झोप लागते, काय करणार.

यानंतर बऱ्याच दिवसांनी ठाण्याहून एक फोन आला. भारदस्त आवाज, वयस्कर बाई.

"आमच्याकडे मुंग्या झाल्यात. येऊन जा. आणि गाडी गेटबाहेर लावा."

"नंबर कुणी दिला?"

"डोंबिवलीच्या माझ्या भावजयीने. तिच्याकडे ते झालेत ना. स्वतःच फोन करून म्हणाली, 'वन्सं, आमच्या घरात झालेत, मी तुमच्याकडे येत-जात असते, आमच्यामुळे तुमच्याकडे आले असतील, एकदा बघून घ्या.' बिचारी किती ओशाळली होती. मी म्हटलं, असू दे गं, होतं असं."

ठाण्याच्या त्या घरात ढेकूण आहेत हे काकूंना माहीत होतं. वन्सं ते कधीच कबूल करणार नाहीत हेही माहीत होतं. आणि कुणी बघायला गेलं नाही तर पुढच्या सणाला ते पुन्हा कुणाच्या तरी सामानातून निघणार. म्हणून काकूंनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. विहिणीवर टाकायला निघालेली गोष्ट त्यांनी अशी उचलून आपल्याच दारात ठेवली.

मी ठाण्याला गेले. दिवाण उघडला. आत पाळण्याच्या मापाची रिकामी जागा होती, आणि तिच्या चारी बाजूंना वर्षानुवर्षांचे काळे ठिपके. वन्सं माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांच्याही अंगाला काही उठत नसावं.

"आले कुठून हो हे?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "डोंबिवलीहूनच."

मी टॉर्च लावला आणि वाकून म्हटलं, "ताई, दिवाण जरा भिंतीपासून सरकवू या."

उसना पाळणा, जुनं कपाट, कुणाचा दिवाण घरात आणलात, तर आधी कडक उन्हात ठेवा आणि सांध्यांवर हेअर ड्रायर फिरवून बघा. आणि झालेच ढेकूण, तर कुठे आहेत ते आधी शोधा. कुणाचे आहेत हे ठरेपर्यंत ते अंडी घालतात.